पाळणाघर कोणाच्या पगारातून वजा करायचं?

जुलै २०१८ मध्ये नवऱ्याच्या हातात पगारवाढीचं पत्र पडलं. २०,४०० चे २२,१०० झाले. त्या संध्याकाळी बुटीबोरीहून कंपनीच्या बसने परतताना तो संत्रा बर्फीचा डबा घेऊनच घरी आला. लग्नाला तीन वर्षं झाली होती. सासऱ्यांनी पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं, "आधी प्लॉट, मग पोरगं." ते आम्ही दोघांनीही मानलं होतं. उमरेड रोडवरच्या एका लेआउटमधल्या हजार फुटांच्या प्लॉटचे हप्ते चालू होते, महिन्याला चार हजार. नागपूरच्या मानेवाड्यातल्या दोन खोल्यांचं भाडं सात हजार. सतराशे रुपये वाढले म्हणजे आता बाळाचा विचार करायला हरकत नाही, असं बर्फी खाताखाताच ठरलं.

आठ दिवसांनी त्याच्या कंपनीतल्या पगार बघणाऱ्या क्लार्कने त्याला बाजूला घेऊन विचारलं, "घरी काही बाळाबिळाचं चालू आहे का? असेल तर तारखा बघून घ्या."

मी अकाउंटचं काम करते, तरी ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. कामगार विमा, म्हणजे ईएसआयसी, महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना. त्याच्या वर गेलात की बाहेर. पण लगेच बाहेर नाही. वर्षाचे दोन भाग असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. भाग चालू असताना पगार वाढला तर तो भाग संपेपर्यंत वर्गणी कापली जाते. आणि एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या वर्षी जानेवारी ते जूनपर्यंत दवाखाना मिळतो. आमचा हिशेब असा लागला: वर्गणी ३० सप्टेंबर २०१८ पर्यंत, उपचार ३० जून २०१९ पर्यंत. वर्गणी तेव्हा कामगाराच्या पगारातून पावणेदोन टक्के कापत. पगारवाढीच्या आधी त्याचे महिन्याला ३५७ रुपये जायचे. एवढ्याशा पैशांत तपासण्या, सोनोग्राफी, बाळंतपण, सिझर लागलं तर तेही, सगळं होऊन जात होतं. सतराशे रुपयांची वाढ झाली आणि हे गेलं. वाढ नको असं कोणी म्हणत नाही, आम्हीही म्हटलं नाही.

मी वही काढली. ऑफिसातून आणलेली लांबट, लाल कापडी पाठीची वही. घरखर्चासाठी ती मी लग्नापासून वापरत होते. तिच्यात मी पहिल्यांदा पाळीच्या तारखा लिहिल्या. बाळ ३० जूनच्या आत व्हायचं तर शेवटची पाळी २३ सप्टेंबरच्या आतली हवी. म्हणजे आमच्या हातात दोन महिने होते. ऑगस्ट गेला. सप्टेंबरमध्ये दिवस चुकले असं वाटलं आणि मग २ ऑक्टोबरला, गांधी जयंतीच्या सुटीच्या दिवशी, पाळी आली. मी बाथरूममध्ये बसून रडले. पाळी आली म्हणून रडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, पण मी विम्याची तारीख हुकली म्हणून रडत होते. ते दुःख कोणापाशी बोलायचं तेही कळत नव्हतं.

पुढच्याच महिन्यात दिवस राहिले. डॉक्टरांनी तारीख दिली ९ जुलै २०१९.

नऊ दिवसांचा फरक. ज्यांच्या हाताशी पैसा आहे त्यांना हा वेडेपणा वाटेल. आमच्यासारख्या घरात मूल कधी व्हावं हे असल्याच तारखा ठरवतात. हप्ता कधी संपतो, विमा कुठवर आहे, नणंदेचं लग्न कोणत्या वर्षी काढलंय. माझ्या मावसबहिणीने दुसरं मूल भिशी उचलण्याच्या महिन्यावर बेतलं होतं, हे तिने मला नंतर सांगितलं.

३० जूनपर्यंतच्या सगळ्या तपासण्या कार्डावर झाल्या. १ जुलैपासून कार्ड बंद. ६ जुलैच्या रात्री दोन वाजता पाणी गेलं. गांधीबागेतल्या सरकारी डागा रुग्णालयात किंवा मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, गेलो असतो तर फारसा खर्च झाला नसता, हे मला तेव्हाही माहीत होतं. तिथे हजारो बायका बाळंत होतात आणि माझी सख्खी आत्याही डागामध्येच बाळंत झाली. पण रात्रीची वेळ, पहिलटकरीण, जाऊबाईंनी भरलेली भीती. आम्ही जवळच्या खासगी दवाखान्यात गेलो. पहाटे सिझर झालं, मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी तिला कावीळ निघाली, दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं. बिल ६७,००० झालं. त्यासाठी माझ्या लग्नातल्या पाटल्या गहाण गेल्या आणि ६०,००० मिळाले. पाटल्या सोडवायला चौदा महिने लागले.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० मिळाले. तेव्हा ते पहिल्या बाळासाठी तीन हप्त्यांत मिळायचे, एक हजार, दोन हजार, दोन हजार. शेवटचा हप्ता बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर. आमच्या भागातल्या आशाताईने दोनदा घरी येऊन फॉर्म भरून घेतला, तिचे उपकार आहेत. त्या पैशांतून मी पाळणा घेतला नाही, साडी घेतली नाही. गहाणाच्या व्याजात ते गेले.

आता माझ्या नोकरीकडे येते, कारण खरं सांगायचंय ते तिथलंच आहे.

मी धंतोलीत एका सीएंच्या ऑफिसात होते. पगार १४,५००. माणसं सात. साहेब स्वभावाने चांगले. प्रसूती रजेचा कायदा २०१७ मध्ये बदलला आणि बारा आठवड्यांची भरपगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली, हे मला तोंडपाठ होतं. मार्च २०१९ मध्ये, पोट दिसू लागलं होतं तेव्हा, आमच्या एका अशिलाच्या दुकानातल्या कर्मचारी बाईंचा सव्वीस आठवड्यांचा पगार मीच काढून दिला होता. त्यांच्याकडे बारा माणसं होती. कायदा दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लागतो. आमच्याकडे सात. साहेब म्हणाले, "जागा दोन महिने रिकामी ठेवतो. पगार द्यायला मला जमणार नाही, तुम्ही माझी पुस्तकं पाहता, तुम्हाला माहीतच आहे." मला माहीत होतं. त्यांच्यावर माझा राग नाही. पण शेजारच्या गल्लीत बारा माणसांच्या दुकानातली बाई सहा महिने पगार घेऊन लेकराला अंगावर पाजू शकते आणि सात माणसांच्या ऑफिसातली मी नाही, या हिशेबाला काय म्हणावं? नागपुरात सीताबर्डीपासून इतवारीपर्यंत अर्धी दुकानं, ऑफिसं आठ-नऊ माणसांवरच चालतात. तिथल्या बायकांचं बाळंतपण नवऱ्याच्या पगारावर नाहीतर माहेरच्या जिवावर होतं.

सप्टेंबर संपत आला. ऑडिटचा हंगाम, साहेबांचे फोन सुरू झाले. एका रविवारी आमच्या घरी सगळे जमले. काटोलहून सासू-सासरे, नंदनवनातून माझी आई. लेक अडीच महिन्यांची. विषय एकच: मी कामावर जायचं की नाही.

वही माझ्याच मांडीवर होती. मीच लिहिलं. पाळणाघर ३,८००. जायचं यायचं पेट्रोल, पावसात ऑटो, मिळून १,६००. सकाळी पोळ्यांना बाई लागणार, १,५००. वरच्या दुधाची पावडर १,२००. बेरीज ८,१००. मग माझा पगार लिहिला, १४,५००, आणि त्यातून ८,१०० वजा केले. राहिले ६,४००.

आई म्हणाली, "सहा हजारांसाठी एवढ्याशा जिवाला परक्याच्या हातात द्यायचं?"

सासरे म्हणाले, "त्याच्यात तिचं दवाखान्याचंही निघत नाही."

नवरा काही बोलला नाही. तो माझ्याकडे बघत होता आणि मी आकड्याकडे बघत होते. मला आकडा पटला. आकडे मला लगेच पटतात, तो माझा धंदाच आहे. सोमवारी मी साहेबांना फोन करून नाही म्हणून सांगितलं.

ती वजाबाकी चुकीची होती हे कळायला मला तीन वर्षं लागली. बेरीज-वजाबाकी बरोबर होती, रकमाही बरोबर होत्या. खर्च चुकीच्या खात्यात पडला होता. लेक दोघांची, पाळणाघर दोघांच्या कामासाठी, आणि नावे टाकलं गेलं फक्त माझ्या पगारात. नवऱ्याच्या २२,१०० मधून कोणी काही वजा केलं नाही. त्याचा पगार म्हणजे घर चालवणारा पगार, माझा म्हणजे उरलासुरला. पोळ्यांच्या बाईचे दीड हजारसुद्धा माझ्याच नावे! पोळ्या तर तो पण खात होता. आणि हे मला घरातल्या कोणी लिहायला लावलं नव्हतं. पेन माझ्या हातात होतं. याचं मला अजून वाईट वाटतं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. प्लांट बंद, तीन महिने नवऱ्याला अर्धा पगार. घरात एकच पगार असणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. सुकन्या समृद्धीचं खातं लेकीच्या पहिल्या दिवाळीत पोस्टात उघडलं होतं, महिन्याला हजार टाकायचे असं ठरवून. त्या वर्षी आम्ही फक्त २५० रुपये भरले. खातं चालू राहायला वर्षाला तेवढे लागतात. पोस्टातल्या बाईंनी पावती देताना वर पाहिलंसुद्धा नाही. बहुतेक त्या वर्षी पुष्कळांनी तेवढेच भरले असावेत.

मी पुन्हा कामाला लागले ते जून २०२२ मध्ये, इतवारीतल्या एका किराणा ठोक व्यापाऱ्याकडे. पगार १५,०००. इन्कमटॅक्सचं पोर्टल मधल्या काळात, जून २०२१ मध्ये, नवं आलं होतं. कुठलं बटण कुठे आहे ते मला एकवीस-बावीस वर्षांच्या पोराने शिकवलं. त्याने चांगलंच शिकवलं, पण दहा वर्षं हेच काम केलेल्या बाईला ते सोपं जात नाही. धंतोलीच्या ऑफिसात माझ्या नंतर अकरा हजारांवर लागलेली मैत्रीण तोवर २४,००० वर पोचली होती. तिने हे सांगितलं तेव्हा आम्ही बर्डीवर रस्त्याकडेला उभ्या राहून उसाचा रस पीत होतो. मी तिचं मनापासून अभिनंदन केलं आणि घरी येऊन वही उघडली.

ऑक्टोबर २०१९ ते मे २०२२, बत्तीस महिने. माझा पगार एका पैशाने वाढला नसता असं धरलं तरी ४,६४,०००. पाळणाघर, पेट्रोल, पोळ्या, दूध पावडर हे सगळं बत्तीस महिने दिलं असतं तर २,५९,२००. म्हणजे कोरडा तोटा दोन लाखांवर, आणि तेही टाळेबंदीत सगळं तसंच चालू राहिलं असतं असं गृहीत धरून. शिवाय पाळणाघराचा खर्च लेक शाळेत गेली की कमी होणार होता. पगारातला नऊ हजारांचा फरक मात्र संपणारा नाही. तो पुढच्या प्रत्येक महिन्यात येतो, पुढच्या प्रत्येक वाढीत येतो, फंड कापला जातो तिथेही येतो. "सहा हजार चारशे" हा आकडा त्या एका महिन्याचा होता. आम्ही त्याच्यावर सगळी वर्षं मोडीत काढली.

मी अशिलांना हेच तर सांगत असते, की चालू खर्च आणि भांडवली खर्च एकात मिसळू नका. घरी मात्र मिसळले.

आणखी एक गोष्ट मला कामामुळेच दिसते. आयकराच्या जुन्या पद्धतीत ८०सी या वजावटीच्या कलमाखाली मुलांच्या शाळेची ट्यूशन फी धरता येते, दोन मुलांपर्यंत. पाळणाघराच्या पावत्या घेऊन बायका माझ्याकडे येतात आणि विचारतात, "ताई, हे कुठे बसेल?" हे कुठेच बसत नाही. घरच्या हिशेबात ते बाईच्या पगारात बसतं आणि सरकारच्या हिशेबात कुठेच नाही.

शाळेचं थोडक्यात सांगते. २०२४ मध्ये आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या, पंचवीस टक्के जागांसाठी अर्ज करायचं ठरवलं होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत नियम बदलला, सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला सूट. उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि जुलैमध्ये तो नियम रद्द केला. तोवर उन्हाळाभर आईबाप नुसते अधांतरी लटकलेले. आमचं नाव सोडतीत लागलं नाही. आता लेक मानेवाड्यातल्याच एका इंग्रजी शाळेत जाते, फी वर्षाला ३८,०००, व्हॅन वेगळी.

आणि मग दुसऱ्या मुलाचा विषय निघाला. तो आपोआप निघतो. लेक पाच वर्षांची झाली की हळदीकुंकवाला कोणीतरी तुमच्या पोटाकडे बघतंच. डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरातच सरसंघचालक मोहन भागवत यांनी जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, २.१ च्या खाली जाऊ नये, म्हणून दोनपेक्षा जास्त, म्हणजे तीन मुलं हवीत, असं म्हटलं. आठवडाभर आमच्या बिल्डिंगमध्ये खाली शेकोटीपाशी तोच विषय. महाराष्ट्राचा जननदर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १.७ निघाला होता, म्हणजे ही घसरण आजची नाही. शेकोटीपाशी बोलणारे सगळे पुरुष. देशाचं काय होईल, म्हातारपणी कोण बघेल, सगळं बोलून झालं. मी तिथे उभी राहून वाट पाहत होते की संध्याकाळी सहाला लेकराला आणायला कोण जाणार, एवढं कोणीतरी विचारेल. कोणी विचारलं नाही.

खरं सांगते, मला दुसरं हवं होतं. लेक शेजारच्या बाळाला मांडीवर घेऊन बसते तेव्हा तिचा चेहरा बघवत नाही. वय चौतीस, फार थांबायला वेळ नव्हता. आणि या वेळी कायदा माझ्या बाजूने होता. २०२४ पासून मी खापरीजवळ एका कंपनीत आहे. छत्रपती चौकात स्कूटी ठेवते आणि मेट्रोने जाते. तिथे चाळीस माणसं आहेत. सव्वीस आठवडे भरपगारी मिळाले असते, बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम झालेलं असावं एवढीच अट, ती केव्हाच पुरी झाली होती. पाळणाघराची सोय पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी सक्तीची आहे, ती मात्र मिळाली नसती. माझा पगार २७,०००, नवऱ्याचा ३४,०००. प्लॉटचे हप्ते फिटलेले.

जानेवारीत एका रविवारी दोघंच बसलो. मी वही त्याच्याकडे सरकवली आणि म्हटलं, "या वेळी तू लिही. पण पाळणाघर तुझ्या पगारातून वजा कर."

तो म्हणाला, "असं कोण करतं?"

मी म्हटलं, "मी केलं होतं. तू समोरच बसला होतास."

त्याने लिहिलं. ३४,०००. खाली पाळणाघर ६,५००. पोळ्या-भाजीला बाई २,५००. दूध, लंगोट, दवाखाना अंदाजे ३,०००. बुटीबोरीचं जाणं-येणं कंपनीच्या बसने, म्हणून शून्य. पण सहा वाजता पाळणाघरातून बाळ आणायचं तर त्याला जनरल शिफ्ट घ्यावी लागणार. ती घेतली की रात्रपाळीचा भत्ता जाणार, महिन्याला सरासरी २,२००. तोही त्याने लिहिला. बेरीज १४,२००. राहिले १९,८००. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "एकोणीस हजारांसाठी मी एवढी पायपीट कशाला करू, असं वाटलं बघ क्षणभर."

मी काही बोलले नाही. माझे डोळे भरून आले होते. पाच वर्षांपूर्वी मला नेमकं हेच वाटलं होतं आणि ते मी खरं मानलं होतं.

त्याने ते पान खोडलं नाही. खाली नवीन रेघ मारून सगळा खर्च दोघांच्या पगारात निम्मा निम्मा टाकला. तसा लिहिल्यावर महिना बसत होता. काठावर, पण बसत होता. भाडं ९,५००, शाळा, माझ्या आईच्या गुडघ्यांची औषधं, काटोलला पाठवायचे तीन हजार, सगळं धरून चार-साडेचार हजार शिल्लक. पैशाने नाही म्हटलं, असं मला म्हणता येणार नाही. पण वहीत न मावणारं एक होतं. माझा पगार आता कुठे त्या मैत्रिणीच्या जवळ पोचला होता. सव्वीस आठवडे कायद्याने मिळतात. सव्वीस आठवड्यांनंतर बाळ सहा महिन्यांचं असतं, रात्री जागतं, आठवड्याला तापतं. नवऱ्याची एक शिफ्ट बदलून मिळेलही. पण फोरमनने मनावर घेतलं तरच, आणि ती किती महिने टिकेल हे कोणी लिहून देत नाही. पहिल्या वेळी मी बत्तीस महिने खाली बसले आणि उठायला अजून तेवढेच लागले. दुसऱ्यांदा बसले तर मी उठेन की नाही, याची मला खात्री नव्हती. तो म्हणाला, "मग नको." मी म्हटलं, "तू नको म्हणू नकोस, मला म्हणू दे." दोन महिने मी ते म्हटलं नाही. मार्च एंडिंगची कामं संपली, त्यानंतर एका रात्री म्हटलं.

त्या उन्हाळ्यात त्याने जनरल शिफ्ट मागून घेतली, असलेल्या एका लेकीसाठीच. दोन हजार दोनशे जातात. संध्याकाळी व्हॅनपाशी आता तो उभा असतो. वहीत मी तो खर्च त्याच्या नावे लिहिते. तो वाचतो आणि काही म्हणत नाही.

सासूबाईंना सांगायचं राहिलं होतं. पोळ्याला काटोलला गेलो. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लेकीने लाकडी बैलाला बेगड लावली, माळ घातली आणि बोजारा, म्हणजे पोरांना मिळणारा खाऊ-पैसा, गोळा करायला गल्लीत निघून गेली. सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी कारण मनात घोळवून गेले होते. तब्येतीचं सांगावं असं जाऊबाईंनी सुचवलं होतं, म्हणजे कोणी वाद घालत नाही. देवाने दिलं नाही म्हटलं तर बायका जवळ घेतात. पैशाचं नाव काढलं की मात्र चेहरे बदलतात, जणू आपण लेकराला बाजारात उभं केलंय. तरी मी खरं तेच सांगितलं. पगार सांगितला, बत्तीस महिने सांगितले, त्या रविवारची वजाबाकी सांगितली. त्या दिवशी त्याही तिथेच होत्या.

त्यांनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, "त्या दिवशी माह्या मनात आलं होतं बोलावं म्हनून. पन हे बोलून राहिले होते, मंग मी कायले बोलू."

मी विचारलं, "काय बोलणार होतात आई?"

"आमची चार लेकरं. चारीच्या चारी म्या बागेत वाढवले. संत्र्याच्या झाडाले लुगड्याची झोळी बांधाची, त्याच्यात पोरगं टाकाचं, अन् ओळीनं निंदत जाचं. रडलं का वापस याचं, पाजाचं, पुन्हा जाचं. निंदाले बाई लावली असती त रोज द्यावा लागला असता. माह्याच्यानं तो वाचला. बागेचं उत्पन्न किती झालं थे ह्यायच्या वहीत हाये सारं. माहा रोज कुठंच नाही."

"तेव्हा रोज किती होता?"

त्यांनी आठवून पाहिलं. "मोठ्याच्या वक्ताले पाच रुपये. तुह्या नवऱ्याच्या वक्ताले सात झाले होते वाटते."

वही माझ्या पिशवीत होतीच, पोळ्याचा खर्च लिहायला आणलेली. मी ती काढली तशा त्या थोड्या पुढे सरकल्या. "लिहून राहिली का तू? मंग बराबर लिही. सातच होते. अन् निंदन एकदा नाही, पावसाळ्यात तीनदा लागते."

मी तीनदा लिहिलं. त्यांना वाचता येत नाही, तरी त्यांनी वहीवर वाकून रेघ बरोबर ओढली का ते पाहिलं, आणि मग पुढचं सांगायला लागल्या, तोडणीचे दिवस किती, पाणी द्यायला रात्री कोण जायचं.